परमुलखातले कागद
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषण करावयाची सवय नाही. शिक्षण म्हणाल तर सातवीपर्यंतचे. चिटणीसबाईंनी गळ घातली की, "तुम्ही अकरा वर्षे शारजाला राहून आलात, तिकडचे चार शब्द सांगा." मी म्हटले, तिकडच्या उंच इमारती आणि सोन्याची दुकाने आता सगळ्यांनी मोबाईलवर पाहिली आहेत. त्यांचे मी काय सांगणार? मी कागदांबद्दल सांगेन. आपल्या वाडीतल्या कितीतरी घरांतले कोणी ना कोणी मस्कत, कुवेत, दुबईकडे आहे, म्हणून हा विषय घेतला.

आमचे लग्न २००१ सालचे. हे २००६ मध्ये शारजाला एका कंपनीत हिशेबनीस म्हणून गेले. मी आणि मुलगी येथे सासूसासऱ्यांजवळ. २०१० साली यांनी कळवले की तुम्हां दोघींना बोलावतो, लग्नाचा दाखला पाठव. तेव्हा समजले की आमच्या लग्नाची नोंदच झालेली नाही! लग्न झाले, गाव जेवला, फोटो निघाले, पण ग्रामपंचायतीच्या वहीत नाव नाही. नऊ वर्षांनी आम्ही नोंदणी केली. नंतर तो दाखला मंत्रालयात, तेथून परराष्ट्र खात्याचा शिक्का, मग अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का, आणि तिकडे पोचल्यावर अरबी भाषांतर. त्यातच माझ्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव, रेशनकार्डावर सासरचे, आणि आधीच्या एका कागदावर नाव नीट पण आडनाव चुकलेले. हे सगळे एकसारखे करून घेण्यात आठ महिने गेले.

पासपोर्टही माझा वेगळ्या प्रकारचा निघाला. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टावर एक शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन आखाती देशांत नोकरीला जावयाचे तर आपल्या सरकारच्या प्रोटेक्टर कचेरीची परवानगी लागते. मी नवऱ्याकडे राहावयास जात होते म्हणून मला ती लागली नाही. परंतु आपल्यापैकी कोणाची मुलगी वा सून कामासाठी जाणार असेल तर हे ध्यानात ठेवा. घरकामासाठी तर तीस वर्षांखालील बाईला अशी परवानगी मिळतच नाही. तरीसुद्धा "पर्यटनाच्या व्हिसावर जा, तिकडे नोकरीचा करून देऊ," असे सांगणारा दलाल भेटतो. त्याच्या बोलण्यावर एक पाऊलही टाकू नका. तशी गेलेली बाई कायद्याच्या नजरेत तेथे कोणीच नसते, आणि जी कोणीच नाही तिचा पगार बुडवणे सोपे असते.

२०११ च्या जूनमध्ये मी मुलीला घेऊन शारजाला गेले. रोला बाजाराजवळ एका खोलीचा संसार. पोचताच रक्त तपासले, छातीचा फोटो काढला, बोटांचे ठसे घेतले. मग ओळखपत्र आले, त्याला एमिरेट्स आयडी म्हणतात. पासपोर्टात व्हिसाचा कागद चिकटवला. २०२२ पासून तो चिकटवणे बंद झाले आहे, आता ते ओळखपत्रच व्हिसाचा पुरावा. ही सारी धावपळ यांनी केली. मी फक्त सांगितले तेथे सही केली, आणि कागद कपाटात कोठे ठेवले तेही विचारले नाही. भगिनींनो, माझी चूक येथेच झाली. तिची किंमत मला पाच वर्षांनी द्यावी लागली.

२०१६ च्या १० जूनला मी आणि मुलगी सुटीसाठी गावी आलो. पंधरा दिवसांत सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवे अंग गेले, वाचा अडखळू लागली. ऑगस्टअखेर मुलीची शाळा सुरू होणार म्हणून हे येऊन तिला घेऊन गेले, आणि मी राहिले. सासूबाईंना माझ्याच हातची पेज जाई. त्यांना दुसऱ्या कोणी उठवून बसवलेले त्यांना आवडत नसे. गणपती झाले, नवरात्र झाले, दिवाळी झाली. दिवस कसे गेले कळले नाही.

नोव्हेंबरच्या मध्यावर यांचा फोन आला. म्हणाले, "अगं, सहा महिने होत आले. सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर राहिलीस तर तुझा व्हिसा रद्द होईल." मी थक्क झाले. असा नियम आहे हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. यांना ठाऊक होता, पण आईच्या दुखण्यात तेही विसरले. एक नातेवाईक म्हणाले, "काही होत नाही, ओळखीने करून घेऊ." परंतु ओळखीने न झाल्यास मुलगी तिकडे बापाजवळ एकटी, आणि मी पुन्हा पहिल्या पायरीपासून. त्यात ८ नोव्हेंबरला पाचशे-हजारच्या नोटा रद्द झालेल्या, बँकेपुढे रांगा. तिकीट यांनी तिकडूनच काढले. ठरले असे की ३० नोव्हेंबरला जावयाचे आणि ८ डिसेंबरला परत यावयाचे. एकदा देशात पाऊल टाकले की सहा महिने पुन्हा नव्याने मोजले जातात.

जाऊबाई रागावल्या. म्हणाल्या, "व्हिसा मोठा की सासू?" मला उत्तर देता आले नाही. सासूबाईंच्या पाया पडले तेव्हा त्यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि "लवकर ये," एवढेच म्हणाल्या. ४ डिसेंबरच्या पहाटे त्या गेल्या. शारजाहून मुंबई आणि मुंबईहून आपले गाव, कितीही घाई केली तरी अंत्यदर्शन होणे शक्य नव्हते. दिरांनी अग्नी दिला. आम्ही दहाव्याला पोचलो.

पुष्कळ दिवस मी त्या नियमाला बोल लावीत होते. पुढे विचार करू लागले. नियम मला पहिल्यापासून माहीत असता तर मी गणपती झाल्यावर, सासूबाईंना थोडे बरे असताना, आठवडाभर जाऊन आले असते. मग डिसेंबरात मी त्यांच्या उशाशी असते. नियम कडक होता खरा, पण तो लपवून ठेवलेला नव्हता. मीच विचारला नव्हता. जाऊबाईंचा प्रश्न आजही मला टोचतो, त्याला समाधानाचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्या दिवसापासून मात्र आमच्या घरातल्या प्रत्येक कागदाची मुदत मी कालनिर्णयावर लाल पेन्सिलीने लिहिते.

आता गाडीची गोष्ट. गावात बारा वर्षे जीप चालवलेल्या यांना तेथे पुन्हा शिकाऊ व्हावे लागले. तेथे रहदारी उजव्या बाजूने आणि गाडीचे चाक डावीकडे. राहण्याचा व्हिसा मिळाला की तिकडचाच परवाना हवा. हे दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा पास झाले. मग एक जुनी गाडी घेतली. गाडीच्या नोंदणीच्या कार्डाला तेथे 'मुल्किया' म्हणतात. ती दरवर्षी नवी करावी लागते. विमा हवा, गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी असेल तर तपासणी हवी, साचलेले सगळे दंड भरलेले हवेत, आणि मालकाचे ओळखपत्र चालू हवे. म्हणजे व्हिसा संपला की गाडीचाही कागद अडला.

आमच्याच इमारतीत एक कुटुंब होते. घरधन्याची नोकरी गेली. बायकोमुलांचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असतो, तो गेला की तेही जातात. सवलतीची मुदत टळून गेल्यावर रोजचा दंड सुरू होतो. आज तो दिवसाला माणशी ५० दिरहम आहे, म्हणजे आपले हजारावर रुपये. त्यांनी भीतीपोटी कोणाला सांगितले नाही. गाडी खाली धूळ खात पडली. नगरपालिकेच्या माणसाने तिच्यावर नोटीस चिकटवली आणि पुढे ती उचलून नेली. ती बाई दीड वर्ष मुलांना घेऊन दवाखान्यातही जावयास भीत होती. २०१८ साली सरकारने माफीची मुदत जाहीर केली, तेव्हा ती सुटून आपल्या देशी गेली. अशी माफी पुन्हा २०२४ मध्येही झाली. पण माफीच्या भरवशावर कोणी संसार करू नये. २०१८ पासून विधवा किंवा घटस्फोट झालेल्या बाईला तेथे आणखी एक वर्ष राहण्याची सोय झाली आहे. हेही पुष्कळजणींना ठाऊक नसते.

२०२२ साली आम्ही कायमचे परत यावयाचे ठरवले. मामंजींची फार इच्छा की मुलाने आपली गाडी आणून अंगणात उभी करावी. यांनीही तसा शब्द दिला होता. चौकशी केली तेव्हा कळले की परदेशात वापरलेली गाडी आपल्या देशात आणावयाची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, तिचे चाक उजवीकडे असावे, आणि ती मुंबई बंदरातूनच उतरावी. शिवाय कर गाडीच्या किमतीहून जास्त. आमची गाडी नऊ वर्षांची आणि चाक डावीकडे.

तेवढ्यात मुंबईचा एक दलाल भेटला. म्हणाला, "कारनेटवर आणू." कारनेट म्हणजे प्रवाशाने आपली गाडी थोड्या दिवसांसाठी, कर न भरता, दुसऱ्या देशात नेण्याचा जामिनाचा कागद. आपल्याकडे त्याची मुदत सहा महिने. मी विचारले, "सहा महिन्यांनी काय?" तो हसून म्हणाला, "मग बघू, वहिनी." मी यांना म्हटले, "गाडी परत गेली नाही तर कर जामीनदाराकडून वसूल होणार, आणि जामीनदार आपल्याकडून घेणार. सहा महिन्यांच्या हिशेबात मी एकदा पोळले आहे. पुन्हा नको." हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गाडी विकावयास काढली. दंड भरले, घेणाऱ्याच्या नावावर मुल्किया करून दिली, आणि नंतरच व्हिसा रद्द केला. हा क्रम महत्त्वाचा आहे, उलटा केला तर फसगत होते. त्या पैशांत घराचे कौलारू छप्पर नवे झाले. मामंजी थोडे हिरमुसले, पण पहिल्या पावसात घर गळले नाही तेव्हा म्हणाले, "बरे केलेस, सूनबाई."

आता थोडक्यात सांगते. लग्नाची नोंद लगेच करा. सगळ्या कागदांवर नाव एकच असू द्या. पासपोर्ट, व्हिसा यांची मुदत घरातल्या बाईला तोंडपाठ हवी. नोकरीसाठी पाठवणारा दलाल सरकारकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेटवर पाहता येते. प्रत्येक देशाचे नियम निराळे आणि ते बदलतात, तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावर न जाता तेथल्या सरकारी कचेरीत किंवा आपल्या वकिलातीत विचारावे. दुबईला आपली वकिलात आहे, तेथे मराठी माणसालाही हिंदीत बोलून काम होते.

शेवटी मंडळाला एक विनंती. आपण एक वही ठेवू या. जिचा नवरा, मुलगा किंवा मुलगी परदेशी आहे तिने आपले कागद घेऊन गुरुवारी दुपारी यावे. माझी मुलगी इंग्रजी वाचून देईल आणि मी तारखा लिहून घेईन. माझ्या सासूबाईंना मी "लवकर येते" म्हणाले होते. तुमच्यापैकी कोणावर तशी वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी आज बोलले.

चुकले असल्यास क्षमा करावी.