पावती, पुस्तिका आणि पदवी

मी सिलतऱ्याहून बोलतोय. रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की ज्या गावाच्या आधी धूर दिसतो ते हे गाव. स्पंज आयर्नचे कारखाने. त्यातल्याच एकात मी भरतीचं काम बघतो, म्हणजे लोकांच्या पदव्या तपासणं हा माझा रोजचा धंदा.

2006 मध्ये एक मुलगा आला. हुशार, नम्र. गुणपत्रिकेवर रायपूरच्या एका विद्यापीठाचं नाव होतं. चौकशी केली तर ते विद्यापीठच उरलं नव्हतं! त्याच्या वडिलांनी शेत विकून फी भरली होती. मला त्याला घेता आलं नाही. तो चेहरा अजून आठवतो.

झालं होतं असं. छत्तीसगड राज्य 2000 साली झालं आणि 2002 मध्ये इथे खासगी विद्यापीठांचा कायदा आला. नुसत्या राजपत्रातल्या अधिसूचनेवर विद्यापीठ उभं राहायचं. वर्षभरात 112 विद्यापीठं! कित्येकांना इमारत नाही, एका खोलीत सगळा कारभार. प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. दूरदर्शनवर ‘टर्निंग पॉइंट’ बघितलेल्यांना ते आठवत असतील. विद्यापीठ अनुदान आयोगाचे ते माजी अध्यक्ष. 11 फेब्रुवारी 2005 ला न्यायालयाने त्या कायद्याची मुख्य कलमं रद्द केली आणि ती विद्यापीठं संपली. जी मुलं खरोखर शिकत होती त्यांच्या संस्था राज्यातल्या जुन्या विद्यापीठांना जोडून घ्याव्यात, असंही सांगितलं. पण ज्याची संस्था म्हणजे एक खोली आणि पाटी, तो काय जोडणार?

आता तुम्ही म्हणाल, ग्राहक न्यायालय आहे की. इथे जरा थांबा. विद्यार्थी ग्राहक आहे का, याचं सरळ उत्तर आजही देता येत नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेजच्या प्रकरणात मुलांच्या बाजूने निकाल दिला. मान्यता नसताना आहे असं भासवून प्रवेश दिले होते. पण 2010 मध्ये त्याच न्यायालयाने महर्षी दयानंद विद्यापीठाच्या प्रकरणात म्हटलं, विद्यापीठ ‘सेवा’ विकत नाही. मग 2020 च्या जानेवारीत राष्ट्रीय आयोगाने मनू सोळंकी प्रकरणात शिक्षणसंस्थांना ग्राहक कायद्याबाहेर ठेवलं, शिकवणीवर्गांना मात्र आत. त्यावरचं अपील सर्वोच्च न्यायालयाने ऐकायला घेतलं. गंमत बघा, शिकवणीवाल्याला आयोगात खेचता येतं, विद्यापीठाला खेचायचं तर आधी वकिलाला विचारा. मला हे पटत नाही. फी दोघेही घेतात.

म्हणून मी नातेवाइकांना दुसरा रस्ता सांगतो.

2019 मध्ये माझ्या भाचीने इकडच्या एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. आठवड्यात नागपूरला सरकारी महाविद्यालयात नंबर लागला. विद्यापीठ म्हणालं, वर्षाची फी परत मिळणार नाही, आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आमच्याकडेच राहतील. ताई फोनवर रडायलाच लागली. मी म्हटलं, “ताई, रडू नकोस, आधी पावतीचा फोटो पाठव.”

विद्यापीठ अनुदान आयोगाची 2018 ची अधिसूचना आहे. प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या किमान पंधरा दिवस आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत, त्यातून फार तर 5,000 रुपये कापायचे. पंधरा दिवसांहून कमी उरले असतील तर 90 टक्के. तारखेनंतर पंधरा दिवसांत 80, पुढे महिन्यापर्यंत 50. मूळ कागद तर ठेवायचेच नाहीत. आम्ही दोन ओळींचा अर्ज केला, अधिसूचनेची प्रत जोडली, पोच घेतली. शेवटच्या तारखेला दहा दिवस होते. कागद तिसऱ्या दिवशी मिळाले. 90 टक्के पैशांसाठी मात्र ताईच्या यजमानांना दोनदा यावं लागलं.

आता 2023 चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी, तिच्यावर लोकपाल हवा. माहितीपुस्तिकेत खोटं छापणं, फी अडकवणं, कागद दाबून ठेवणं, या सगळ्या तक्रारी तिथे चालतात. समितीला पंधरा कामाचे दिवस. निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत लोकपालाकडे जायचं. म्हणून पुस्तिका रद्दीत घालू नका. संकेतस्थळावरचं पान बदलतं, तुमच्या हातातली पुस्तिका बदलत नाही.

आणि मान्यतेचीच फसवणूक असेल तर ग्राहक आयोगाचं दार ठोठवून बघाच. 2019 च्या कायद्याने तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. नागपूरच्या मुलाला रायपूरला खेटे घालावे लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची.

त्या 2006 च्या मुलाकडे पुस्तिका नव्हती, पावतीही नव्हती. फी रोख भरली होती.