सराव बघायला जा

(१९९६ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



‘आपल्या आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की ही आता कॉम्प्युटरवर बोलणार. घाबरू नका. ते मी सोमवार ते शुक्रवार बोलते. आज मी टेनिसवर बोलणार आहे.

मी टेनिस खेळत नाही. आपल्या शाळेत खो-खो होता, लंगडी होती, कबड्डी होती; टेनिसचं कोर्ट आपण फक्त टीव्हीवर पाहिलं. पण आपण दहावी झालो त्याच वर्षी, १९९६ च्या ऑगस्टमध्ये, लिएंडर पेसने अटलांटा ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि मला या खेळाचं वेड लागलं ते आजतागायत सुटलेलं नाही. म्हणजे मी निव्वळ प्रेक्षक आहे, आणि माझं आजचं सांगणंही प्रेक्षकांसाठीच आहे: जमेल तेव्हा मोठ्या खेळाडूंचा सामना बघायला जा, पण त्यांचा सराव बघायला तर जाच.

आपल्याला ही कल्पना नवी नाही. गाणं शिकणाऱ्याला विचारा, तो सांगेल की मैफलीत गाणं ऐकायला मिळतं, पण गाणं कसं होतं ते रियाजात कळतं. कुस्ती जिथे शिकवतात त्या जागेलाही आपण तालीम म्हणतो आणि तिथे जे करतात त्यालाही तालीमच म्हणतो. टेनिसच्या बाबतीत मात्र आपल्यासमोर येतो तो नुसता आखाडा. तालीम दिसतच नाही.

मला ती दिसली ती पैशांच्या अडचणीमुळे. कंपनीच्या कामासाठी मी काही वर्षं न्यू जर्सीत होते. न्यूयॉर्कची यूएस ओपन जवळच, पण मोठ्या सामन्यांची तिकिटं खिशाला जड. मग कळलं, मुख्य स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात पात्रता फेरी असते, तेव्हा मैदानात प्रवेश मोफत असतो आणि जगातले पहिले-दुसरे खेळाडू बाहेरच्या कोर्टांवर सराव करत असतात. पाण्याची बाटली आणि टोपी घेऊन मी दिवसभर जाऊन बसायचे. पुढे पुण्याला परत आले, तर २०१८ पासून बालेवाडीला महाराष्ट्र ओपन भरायला लागली होती. २०२३ पर्यंत, मधलं कोरोनाचं २०२१ चं वर्ष सोडलं तर, ती होत राहिली. तिथेही मी सरावच जास्त बघितला.

खेळाडूंची नावं मी आज सांगणार नाही. नाव सांगितलं की आपण पुन्हा नावच बघत बसतो.

पहिली गोष्ट लक्षात येते ती म्हणजे सुरुवात किती हळू होते. ज्यांची सर्व्हिस ताशी २०० किलोमीटरच्या पुढे जाते, तेच दोघे जाळ्याच्या जवळ, सर्व्हिस बॉक्सच्या आत उभे राहून एकमेकांना अलगद चेंडू देत असतात. शेजारच्या सोसायटीतली मुलं खेळतात तसं. पाचेक मिनिटं हे चालतं. मग एकेक पाऊल मागे, मग बेसलाइनवर, आणि जोर त्यानंतर. हाताला आधी चेंडू कळू द्यायचा, ताकद मागाहून.

दुसरी गोष्ट टीव्हीच्या कॅमेऱ्याची. तो कोर्टाच्या एका टोकामागे, उंचावर असतो. तिथून वाटतं की चेंडू जाळ्याला अगदी घासून जातोय. सरावाच्या कोर्टाला बाजूने, जमिनीच्या पातळीवरून बघा. बेसलाइनवरून मारलेला चेंडू बहुतेक वेळा जाळ्याच्या चांगला दोन-तीन फूट वरून जातो आणि वरून खाली खेचल्यासारखा कोर्टात पडतो. ती त्याला दिलेल्या फिरकीची करामत. इतका जोर लावूनही हे लोक जाळ्यापाशी भरपूर मोकळी जागा सोडतात. जाळ्याला चाटून मारण्याची हौस आपल्यासारख्या रविवारी खेळणाऱ्यांना असते.

तिसरी गोष्ट ऐकून भूमितीच्या बाई खूश होतील. सराव करताना खेळाडू आधी बराच वेळ तिरके फटके मारतात, फोरहँडकडून फोरहँडकडे, बॅकहँडकडून बॅकहँडकडे. का? एकेरीचं कोर्ट ७८ फूट लांब आणि २७ फूट रुंद. बाई, कर्ण काढला: साधारण साडेब्याऐंशी फूट. म्हणजे तिरका मारलात तर सरळपेक्षा साडेचार फूट जागा जास्त मिळते. शिवाय जाळं मधोमध ३ फूट उंच असतं आणि दोन्ही खांबांपाशी साडेतीन फूट. तिरका चेंडू जातो तो मधल्या कमी उंचीवरून. जागा जास्त आणि अडथळा कमी. पायथागोरसचा प्रमेय आयुष्यात कधी उपयोगी पडणार, असं मागच्या बाकावरून विचारणारे आज पुढच्या रांगेत बसले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

चौथी गोष्ट पायांची. एक प्रयोग करा. दहा मिनिटं चेंडूकडे बघूच नका, एकाच खेळाडूच्या पायांकडे बघा. सुरुवातीला मान सारखी वळेल, पण नेट धरा. समोरच्याची रॅकेट चेंडूला लागणार, त्याच्या जरा आधी हा जागच्या जागी बारीकशी उडी घेतो. दोन्ही पाय टेकतात आणि त्याच क्षणी डावीकडे की उजवीकडे हे ठरतं. मग दोन-तीन लांब ढांगा, आणि चेंडूजवळ पोचल्यावर पुन्हा छोटी छोटी पावलं. प्रत्येक फटक्याला हे असंच. सरावातही त्यात कसूर नाही. आपण ज्याला ‘काय फटका मारला!’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग फटक्याच्या आधीच पायांनी उरकलेला असतो.

आणि पाचवी गोष्ट, ज्यासाठी मी हे सगळं सांगते आहे.

बालेवाडीला २०२३ च्या जानेवारीत माझी मुलगी माझ्याबरोबर होती. तेव्हा ती अकरा वर्षांची होती, दोन वर्षं क्लबमध्ये टेनिस शिकत होती आणि स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरत होती. कुंपणाबाहेर आम्ही आईवडील रांगेने उभे. गुण गेला की कुणी ना कुणी कपाळावर हात मारणार. त्या डिसेंबरात तिने जाहीर केलं होतं, ‘मला आता स्पर्धा खेळायच्या नाहीत.’ मी काही बोलले नव्हते, पण डोक्यात तेच होतं.

एका कोर्टावर एक खेळाडू आणि त्याचा कोच असे दोघेच होते. कोचजवळ चेंडूंनी भरलेलं क्रेट. तो एकामागून एक चेंडू एकाच जागी टाकत होता आणि खेळाडू सरळ रेषेत बॅकहँड मारत होता. चेंडू जाळ्यात. पुन्हा जाळ्यात. मग बाहेर. मग पुन्हा जाळ्यात. आठ-दहा चेंडू ओळीने वाया गेले. कोच पुढे आला, खांद्याला हात लावून काहीतरी बोलला, खेळाडू अर्धं पाऊल सरकला, आणि पुन्हा तोच चेंडू. क्रेट रिकामं झालं तेव्हा दोघांनीही वाकून चेंडू गोळा केले आणि पुन्हा सुरू. आमच्या कामात एक नियम असतो: काही बिघडलं तर एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणारच नाही. तोच नियम तिथे चालू होता.

मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आई, तो एवढा चुकतोय, पण कुणी ओरडतच नाहीये.’

त्या वाक्यावर मी खूप विचार केला. सरावाच्या कोर्टावर गुणफलक नसतो. तिथे चूक म्हणजे फक्त माहिती असते. जगातल्या पहिल्या शंभरात जाण्यासाठी धडपडणारा माणूस अनोळखी लोकांसमोर दहा वेळा चुकू शकतो, कारण तो तिथे नेमकं तेच करायला आलेला असतो. आपल्या मुलांना अशी जागा आपण कुठे देतो?

रॉजर फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात स्वतःचा हिशोब सांगितला होता. एकेरीचे पंधराशेहून अधिक सामने, त्यातले जवळजवळ ८० टक्के जिंकले. पण गुण किती जिंकले? फक्त ५४ टक्के. म्हणजे शंभरातले ४६ गुण फेडररही हरला. बरोबरी आणि फेडरर यांच्यात शंभरामागे चार गुणांचं अंतर. सरावाच्या कोर्टावर घाम गाळला जातो तो या चार गुणांसाठी. अर्धं पाऊल सरकून बघणं, तोच चेंडू साठ वेळा मारणं, हा सगळा खटाटोप तेवढ्यासाठी.

एक इशारा देते. सराव बघून सामन्याचं भाकीत करायला जाऊ नका. सरावात झकास खेळणारा संध्याकाळी हरतो, आणि ज्याचे निम्मे चेंडू बाहेर जात होते तो जिंकतो. तो त्या दिवशी कशावर काम करत होता, हे आपल्याला बाहेरून कळत नसतं. सराव बघायचा तो खेळ समजून घ्यायला, पैज लावायला नव्हे.

ज्यांना जावंसं वाटेल त्यांच्यासाठी चार सूचना. मोठ्या स्टेडियमच्या मागे धावू नका. लहान स्पर्धांत तुम्ही कोर्टाच्या दहा फुटांवर उभे राहू शकता. पुण्यात बालेवाडीला आणि मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमच्या सीसीआय क्लबवर अलीकडच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाल्या आहेत, तेव्हा तारखांवर लक्ष ठेवा. सकाळी लवकर जा. वेग बघायचा तर बेसलाइनच्या मागे उभे राहा, पाय बघायचे तर बाजूला. आणि सराव चालू असताना सेल्फीसाठी हाका मारू नका; त्या माणसाची ती कामाची वेळ असते.

माझ्या मुलीचं पुढे काय झालं, असं तुम्ही चहाच्या वेळी विचारालच, म्हणून आत्ताच सांगते. ती अजूनही बऱ्याचदा हरते. पण आठवड्यातून दोनदा ती एकटीच चेंडूंची बादली घेऊन जाते आणि दुसऱ्या सर्व्हिसवर काम करते. मी कुंपणाबाहेर नसते. घरी आल्यावर मी ‘जिंकलीस का?’ विचारत नाही, ‘आज काय करून बघितलंस?’ असं विचारते. त्याचं उत्तर पुष्कळ लांब येतं.

आता आपल्या शाळेविषयी. दुपारी माजी विद्यार्थी निधीची बैठक आहे. दोन प्रस्ताव आहेत. एक, आंतरशालेय स्पर्धेसाठी आपल्या बॅचच्या नावाने फिरता चषक आणि कार्यालयात काचेचं मोठं कपाट. दुसरा मी आणि आपल्या क मधल्या दोघांनी मांडलाय: मैदानाच्या मागच्या बाजूला सरावासाठी एक पक्की भिंत, चार दिवे, आणि संध्याकाळी दोन तास मैदान उघडं ठेवणाऱ्या माणसाचा वर्षभराचा पगार. या भिंतीवर आपल्या बॅचचं नाव लिहायची गरज नाही. मुलामुलींनी तिथे यावं, चेंडू मारावा, चुकावं, पुन्हा मारावा. कुणी मोजणार नाही, कुणी ओरडणार नाही.

चषक एका वर्षी एकाच संघाला मिळतो. भिंतीपाशी रोज कुणीही उभं राहू शकतं, पहिल्या फेरीत हरलेलं मूलसुद्धा. कपाटाला माझा विरोध नाही. पुढे कधीतरी तेही करू. पण आधी भिंत व्हावी असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला पटलं असेल तर जेवण झाल्यावर लगेच पांगू नका. बैठक तीन वाजता आहे, आपल्याच दहावी क च्या वर्गात. या आणि हात वर करा.