रानगव्यांची बुळकांडी

(तीर्थपुरी येथील पशुपालकांसमोर केलेले भाषण)



तीर्थपुरीच्या शिवारात रानगवा आढळत नाही; मग त्याच्या रोगाची कथा येथे कशासाठी, असे आपणांस वाटेल. पण हा रोग आपल्याच गोठ्यांतून रानात गेला. बुळकांडी म्हणताच वडीलधाऱ्यांना ओस पडलेल्या दावणी आठवतील. ताप, तोंडातील व्रण, हगवण आणि थोड्याच दिवसांत मृत्यू. गुरांच्या साथींच्या अभ्यासासाठी पुण्यात १८८९ साली प्रयोगशाळा निघाली होती. तरीही १९६८ मध्ये ही साथ बंडीपूर व मुदुमलाईच्या अरण्यांत शिरली आणि गवे मोठ्या संख्येने मेले. गाईला लस टोचता येते, गव्याला कोण टोचणार? म्हणून १९५४ पासूनच्या देशव्यापी मोहिमेचा सारा भर गुराढोरांवरच राहिला. १९९५ नंतर भारतात बुळकांडी आढळली नाही. २०११ मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. रानातल्या गव्याला सुई न लावता त्याचा वैरी गेला!

लाळ्या-खुरकूत मात्र अजून आहे आणि तो गव्यालाही होतो. म्हणूनच राधानगरी-दाजीपूरच्या रानालगत चरणाऱ्या जनावरांच्या लसीकरणास विशेष महत्त्व आहे. आपल्याकडे लस टोचणारे पथक येईल, त्या सकाळी जनावरे चरावयास सोडू नयेत, ही विनंती.