कंपवाताची चाहूल
(शाखा प्रतिनिधींच्या शिबिरातील भाषण)



वेतन करार आणि चार्जशीटची उत्तरे यांच्यामध्ये 'कंपवात' हा विषय पाहून काहींना आश्चर्य वाटले. मी डॉक्टर नाही. पण माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो.

आमच्या कारखान्यात एक टर्नर होते. अवघड जॉब साहेब त्यांच्याकडेच पाठवीत. पन्नाशीनंतर काम मंदावले. जॉब कार्डावरचे अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होऊ लागले. चेहरा निर्विकार, आवाज खोल गेलेला, चालताना उजवा हात हलत नसे. खांदा दुखतो म्हणून शेक चालू होता. 'मुद्दाम संथ काम' म्हणून चार्जशीट मिळाली. आणि मीच त्यांना बाजूला घेऊन विचारले, "काका, हल्ली घेता का?" ते गप्प राहिले. हात थरथरत नव्हता, म्हणून कंपवाताची शंका कोणालाच आली नाही.

त्यांच्या पत्नीने नंतर सांगितले, की काही वर्षे ते झोपेत ओरडत, लाथा झाडत. फोडणी करपली तरी त्यांना वास येत नसे. बद्धकोष्ठता जुनी, मन उदास. यातले काहीच कारखान्याच्या गेटातून आत आले नव्हते. वैद्यकीय कागद दाखवल्यावर चार्जशीट मागे घेतली गेली.

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. पण झोप, नाक, पोट यांच्या तक्रारी त्याआधी कित्येक वर्षे दिसू शकतात. काहींना कंप येतही नाही. उलट, बद्धकोष्ठता असलेल्या प्रत्येकाला कंपवात नसतो. चक्कर, उलटी वा मानसिक आजारावरील काही गोळ्यांनीही अशीच लक्षणे येतात, म्हणून चालू गोळ्या डॉक्टरांना दाखवा. अनेक खुणा एकत्र दिसल्या, विशेषतः एका बाजूच्या हातापायात, तर मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्या. मँगनीजच्या धुळीनेही कंपवातासारखा आजार होतो. ग्लासगोच्या कामगारांमधला असा आजार जॉन कूपर यांनी १८३७ मध्ये नोंदवला होता. तेव्हा खाणीतल्या आणि वेल्डिंगच्या साथींनी आपले काम काय ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या अनुसूचीत कंपवात आहे. कलम २०(४) प्रमाणे सरकारी आस्थापनेत, म्हणजे सरकारी कंपन्यांतही, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्याला काढता येत नाही, खालच्या पदावर टाकता येत नाही. आधीचे काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे द्यावे लागते. खासगी कारखान्यात हे संरक्षण करारातच घालून घ्यावे लागेल. गोळीची वेळ चुकली तर शरीर जखडते, तेव्हा त्यासाठी यंत्र सोडण्याची मुभाही लेखी घ्या.

'काम संथ' अशी पुढची चार्जशीट हाती आली, की उत्तर लिहिण्याआधी त्या कामगाराच्या घरी जाऊन या. झोप, वास, पोट, मन यांची चौकशी करा. दोन-तीन वर्षांपूर्वीच्या अक्षराचा एखादा कागद मिळाला तर घेऊन या. तो डॉक्टरांना उपयोगी पडतो.