जंताची गोळी आणि नातवाचा दमा



१० फेब्रुवारीच्या आदल्या रात्री मुलीचा फोन आला. २०१५ पासून हा दिवस राष्ट्रीय जंतनाशक दिन म्हणून पाळला जातो. शाळांत आणि अंगणवाड्यांत १ ते १९ वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. माझ्या नातवाला दमा आहे. मुलगी म्हणाली, "अब्बा, पोटात जंत असले की दमा होत नाही, असं म्हणतात. मग उद्या गोळी द्यायची की नाही?"

मी कविता लिहिणारा माणूस, डॉक्टर नव्हे. पण प्रश्न लेकराच्या श्वासाचा होता. वाचायला बसलो आणि सकाळी लवकर त्याच्या डॉक्टरांनाही विचारलं.

'असं म्हणतात' याला आधार आहे. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकांनी १७ हजारांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या. घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितका परागकणांमुळे होणारा शिंकांचा त्रास कमी, असं त्यांना आढळलं. लहानपणी भावंडांकडून होणारा संसर्ग पुढं ॲलर्जीपासून वाचवत असावा, असा त्यांचा तर्क होता. पुढं २००० मध्ये आफ्रिकेतल्या गॅबन देशात दिसलं, की शिस्टोसोम नावाच्या जंताची लागण असलेल्या शाळकरी मुलांच्या त्वचेवर धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी कमी उमटते.

याचं कारण मोठं गमतीचं आहे. जंतांशी लढायला शरीर जी फौज उभी करतं, जवळपास तीच फौज दम्यात धुळीवर आणि परागकणांवर तुटून पडते. जंताला मात्र आपल्या पोटात वर्षानुवर्षं राहायचं असतं. म्हणून तो या फौजेला शांत करणारे संदेश वाढवतो. चोरानं पहारेकऱ्याला झोपवावं तसं! पहारेकरी झोपला, की धुळीवरची आरडाओरडही थांबते.

पण श्रोतेहो, गोष्ट इथं संपत नाही. सगळे जंत सारखे नसतात. आपल्याकडं सर्रास आढळणाऱ्या गोल जंताची अंडी पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून फुप्फुसात जातात, घशात चढतात आणि गिळल्या जाऊन पुन्हा आतड्यात उतरतात. १९२२ मध्ये कोइनो या जपानी डॉक्टरांनी स्वतः २००० अंडी गिळून हे पडताळलं. त्यांच्या थुंकीत अळ्या सापडल्या. फुप्फुसातल्या या प्रवासात खोकला आणि घरघर होऊ शकते. २००६ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. तेव्हा अंकुशकृमी असलेल्यांत दमा कमी दिसला, गोल जंत असलेल्यांत उलट जास्त.

मग दम्याच्या रोग्याला मुद्दाम अंकुशकृमी दिले तर? इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम इथं तेही झालं. ३२ रोग्यांपैकी काहींच्या त्वचेवर प्रत्येकी १० अळ्या सोडल्या. २०१० मध्ये निष्कर्ष आला : दम्यात म्हणावा असा फरक नाही. इक्वेडोरमध्ये शाळकरी मुलांना वर्षभर जंताचं औषध दिलं, तरी त्यांची ॲलर्जी वाढली नाही.

हे वाचताना माझं बालपण आठवलं. अम्मी नाक दाबून वावडिंगाचा काढा पाजायची. आम्ही सगळी अनवाणी हिंडणारी पोरं. जंत घरोघरी होते, आणि रात्र रात्र उशाला टेकून बसणारी, धापा टाकणारी पोरंही त्याच गल्लीत होती. जंतांनी त्यांना वाचवलं नव्हतं. उलट अंकुशकृमी रक्त पितात, मूल फिकट पडतं, अभ्यासात मागं राहतं. त्याची किंमत कुणी मोजायची?

शास्त्रज्ञ आता जंताऐवजी त्यानं सोडलेली द्रव्यं तपासताहेत. पहारेकऱ्याला शांत करण्याची त्याची युक्ती उद्या औषध म्हणून हाती आली, तर आनंदच आहे. तोवर जंत पाळण्यात शहाणपण नाही.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. मी मुलीला कळवलं, "गोळी दे. दमा आहे, पंप चालू आहे, हे बाईंना आधी सांग. आज धाप लागली असेल तर थांब, बरं वाटल्यावर नंतरच्या फेरीत दे. आणि गोळी दिली म्हणून पंप बंद करू नकोस."

दुपारी नातवाचाच फोन आला. "नाना, गोळी चावून खाल्ली!"

त्याचा पंप दप्तरात होताच.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)