लस घेऊ, पण हजेरी तोडू देणार नाही

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात सफाई कामगारांच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही काही वक्ते नाही. झाडू धरणारी माणसं आहोत. पण कोरोनाच्या काळात याच सभामंडपात आपल्या संघटनेने जो ठराव केला, तो कसा झाला हे सांगा, असा समितीचा आग्रह पडला. म्हणून उभे आहोत.

२०२१ चा पावसाळा होता. आम्ही ठेकेदाराकडे रोजंदारीवर होतो. एके दिवशी पहाटे मुकादमाने सांगितले, "लसीचा कागद दाखवा, नाही तर उद्यापासून हजेरी नाही." लेखी आदेश कुठेच नव्हता. रोजंदारीच्या माणसाची हजेरी तुटली की त्या दिवशीची चूल पेटत नाही, हे येथे बसलेल्यांना सांगायला नको. असे फक्त आमच्याच वाट्याला आले असेही नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ठाणे महानगरपालिकेने पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचे जाहीर केले होते. तिथे निदान पगारपत्रक होते. आमच्याकडे मुकादमाची वही!

त्या संध्याकाळी बैठक बसली. काही तरुण म्हणाले, "संघटनेने सरळ जाहीर करावं, लस घेणार नाही!" टाळ्याही पडल्या. पण विचार केला तेव्हा उमगले, की हा मार्ग सोपा असला तरी खोटा आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावती आणि आपल्या यवतमाळ जिल्ह्यात साथ पुन्हा उसळली, तेव्हा सगळे घरात होते आणि आम्ही रस्त्यावर होतो. घरी बसून गटार साफ होत नाही. लस सगळ्यांत आधी आम्हालाच हवी होती.

मग आमच्या बाया का भ्याल्या? त्या अडाणी म्हणून नव्हे. ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी येथे बारा लेकरांना पोलिओच्या डोसाऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. लेकरं वाचली, पण ती गोष्ट घरोघरी पोचली. त्याआधी २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. तेव्हा फवारणाऱ्याच्या तोंडाला मास्क आणि हाताला मोजे आहेत की नाही, हे किती जणांनी विचारले? आणि आज एकाएकी आमच्या जिवाची काळजी कशी?

त्या बैठकीत एक म्हातारी बाई उठली. म्हणाली, "सुई नाई पायजे असं मी नाई म्हणत. पन सुईनं ताप आला, तं त्या दिवसाचा रोज कोन देईन?"

सगळे गप्प झाले. ठराव तिथेच झाला. लस घ्यावी, असा संघटनेचा सल्ला. पण लसीचे शिबिर हजेरीच्या ठिकाणी, कामाच्या वेळेत भरवा. ताप आला तर त्या दिवसाचा रोज द्या. ज्याला भीती किंवा आजार आहे, त्याच्याशी डॉक्टरने बोलावे, मुकादमाने नव्हे. आणि कागद मागणाऱ्याने आधी हातमोजे, गमबूट आणि साबण द्यावा.

निवेदन दिले, दोन दिवस दारात बसलो. शिबिर भरले, गमबूट आले. तापाचा रोज काहींना मिळाला, काहींचा बुडाला तो बुडालाच. बहुतेकांनी लस घेतली. दोघींनी शेवटपर्यंत घेतली नाही. त्यांच्या हजेरीसाठीही आम्ही भांडलो. त्यावर आपलेच सभासद रागावले, "त्यांच्यामुळं आमच्या घरात आजार आला तर?" हा राग चुकीचा होता असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण उपाशी ठेवून कोणाचे मन वळत नाही. आम्ही त्या दोघींना मोकळ्या जागेतले काम द्यायला लावले.

पुढे २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायमूर्ती नागेश्वर राव यांच्यासोबत त्या पीठात आपल्या अमरावतीचे न्यायमूर्ती भूषण गवई होते. कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. संविधानाच्या कलम २१ मध्ये माणसाचा आपल्या शरीरावरचा हक्क येतो, असे न्यायालय म्हणाले. पण लसीकरणाचे धोरण त्यांनी चुकीचे ठरवले नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, मात्र ते प्रमाणात हवेत; त्या वेळी साथ ओसरली असताना लस न घेतलेल्यांवरचे निर्बंध प्रमाणात नव्हते, असेही सांगितले. आमच्या म्हातारीने कलम वाचले नव्हते. पण तिचा प्रश्न त्याच वाटेवरचा होता.

कामगार चळवळीचे जनक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १८९७ च्या प्लेगने त्यांनाच नेले. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. साथीशी लढणे आणि हक्कासाठी लढणे, ही आपल्याकडे दोन कामे कधी नव्हतीच.

पुन्हा साथ येईल. तेव्हा लसीला भिऊ नका, आणि हजेरीची वही दाखवून भिवविणाऱ्यालाही भिऊ नका. आधी एकत्र बसा, विचारा, मग ठरवा. बसायला हा सभामंडप आहेच.

जय भीम!