मुखवटा भिंतीवर नसतो



नायजेरियाच्या आग्नेय भागात इग्बो लोकांची वस्ती आहे. त्यातल्या न्री-औका परिसरात पावसाळा सरला, शेतातली कामं हलकी झाली, की पितृलोकातून पाहुणे येतात. त्यांत तरुण मुलीही असतात. अरुंद चेहरा, सरळ नाक, इवलेसे ओठ. चेहऱ्यावर पांढऱ्या मातीचा लेप. गालाकपाळावरच्या गडद रेषा बघून इग्बो बायका पूर्वी अंगावर काढायच्या ती 'उली' नक्षी आठवते. डोक्यावर तुऱ्यांची, कंगव्यांची उंच जाळीदार केशरचना, आणि हे सगळं हलक्या लाकडात कोरलेलं! हा पांढरा रंग गोऱ्या कातडीचा नव्हे बरं का, तो पितृलोकाचा.

खाली रंगीत तुकडे जोडून शिवलेला अंगाबरोबरचा पोशाख, आणि आत पुरुष. या सोंगाला 'अग्बोगो म्मुओ' म्हणतात. मुलगी कशी दिसावी हे पुरुषांनी ठरवायचं, नाचायचंही त्यांनीच, आणि आत कोण आहे हे बायकांनी विचारायचं नाही. मला ही वाटणी काही पटत नाही. पण कोरीवकाम बघितलं की नजर हटत नाही, हेही खरं.

याच्या अगदी उलट 'म्ग्बेदिके' हा मुखवटा. काळपट, शिंगांचा, दात विचकलेला.

चिनुआ अचेबे यांच्या 1964 सालच्या 'अ‍ॅरो ऑफ गॉड' या कादंबरीत एदोगो नावाचा कारागीर आहे. त्याने असाच एक उग्र मुखवटा घडवला, पण नाक जरा नाजूक उतरलं, ही रुखरुख त्याला लागून राहिली. करवून घेणारे खूश होते, तरी त्याचं समाधान होईना. मुखवटा नाचायला लागला तेव्हा कुठे त्याची शंका फिटली. त्या नाजूक नाकामुळे उरलेला चेहरा उलट जास्तच भयंकर दिसू लागला होता.

कारागिराला स्वतःचं काम नाचताना बघितल्याशिवाय कळलं नाही. मग काचेच्या कपाटात ते आपल्याला काय कळणार? वसाहतकाळात असे कितीतरी मुखवटे युरोपात गेले, पण बरेचदा नुसता चेहराच गेला. पोशाख, वाद्यं आणि भोवतीची गर्दी मागेच राहिली.

तेव्हा एखाद्या संग्रहालयात इग्बो मुखवटा दिसलाच, तर त्याच्या कडेची बारीक भोकं जरूर शोधा. पोशाखाचं कापड तिथे बांधलेलं असायचं.